साहेबाचा साहेब

१९५३ साली एडविन फ्लाइशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने इंटरनॅशनल हार्वेस्टर या शेतीची यंत्रं आणि ट्रक बनवणाऱ्या कंपनीतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीने आपल्या फोरमन मंडळींसाठी शिकागोत शाळाच काढली होती. ठिकठिकाणच्या कारखान्यांतून फोरमन तिथे यायचे, हाताखालच्या माणसांशी वागावं कसं याचे धडे घ्यायचे आणि परत जायचे. शाळेत शिरताना आणि बाहेर पडताना त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा फरक चांगला दिसला. माणसांचा विचार करण्याकडे कल वाढलेला, नुसता हुकूम सोडण्याकडे कमी झालेला. इथेच थांबले असते तर कंपनी खूश आणि शाळाही खूश. पण फ्लाइशमन मागोमाग कारखान्यात गेले. काही महिने, काही वर्षं उलटून गेलेल्या फोरमनची न शिकलेल्यांशी तुलना केली, त्यांच्या हाताखालच्या कामगारांना विचारलं, आणि शाळेतला फरक बहुतेक पुसला गेल्याचं आढळलं. फोरमन कामगारांशी कसा वागतो याचा संबंध शाळेशी फारसा लागत नव्हता. तो लागत होता फोरमनच्या वरच्या साहेबाशी. साहेब माणसांची कदर करणारा असेल तर फोरमनही तसा. साहेब दरडावणारा असेल तर शाळा शिकून आलेला फोरमनही दरडावणाराच.

नेतृत्वासाठी माणसं सांभाळण्याचं कौशल्य कसं कमवावं, या विषयावर गेल्या शंभर वर्षांत भरपूर लिहिलं गेलं. डेल कार्नेगींचं पुस्तक १९३६चं, सॅलोव्ही आणि मेयर यांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना शास्त्रीय नियतकालिकात मांडली ती १९९०मध्ये, आणि डॅनियल गोलमन यांनी ती घराघरांत पोचवली १९९५मध्ये. आज हिंजवडीतल्या आयटी कंपनीपासून तालुक्याच्या पतसंस्थेपर्यंत सगळीकडे ‘सॉफ्ट स्किल्स’ची एकदिवसीय कार्यशाळा होते, दुपारी जेवण असतं, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. या सगळ्यामागे एक गृहीत आहे: कौशल्य माणसाच्या आत असतं, ते वर्गात आत घालता येतं, आणि मग तो जिथे जाईल तिथे बरोबर नेतो. उपलब्ध पुरावा नीट पाहिला तर हे गृहीत फार तर अर्धं खरं ठरतं. माणसांशी वागणं शिकता येतं, यात शंका नाही. पण ते टिकतं की विरतं, हे ज्या जागी माणूस काम करतो तिथे वाईट बातमी वर सांगणाऱ्याचं काय होतं आणि साहेबाचा साहेब कोणत्या गोष्टीचा हिशोब मागतो, यावर बरंचसं ठरतं.

या विषयाचा जन्मच मुळात थोडा संशयास्पद आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग प्रत्येक व्यवस्थापनाच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात असतात. कामगारांकडे आपुलकीने लक्ष दिलं की उत्पादन वाढतं, असा त्यांचा लोकप्रिय अर्थ. रिले जोडणाऱ्या मोजक्या मुलींच्या खोलीतली ती कथा सांगताना एक गोष्ट मात्र सहसा गाळली जाते. १९२८च्या जानेवारीत त्यातल्या दोघींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून खोलीतून काढलं आणि त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. अ‍ॅलेक्स केरी यांनी १९६७मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: आपुलकीच्या जोडीला धाक आणि पैशाचं आमिषही होतंच. पुढे त्याच कारखान्यात कामगारांचं गाऱ्हाणं ऐकण्यासाठी १९३६पासून समुपदेशक नेमले गेले. त्यांनी मनापासून ऐकायचं, पण ऐकलेल्यावर काही करायचं मात्र नाही, अशी रचना होती. वीसेक वर्षांनी ती योजना बंद पडली. नुसतं ऐकणं म्हणजे माणसं सांभाळणं नव्हे, याचा इतका महागडा पुरावा दुसरा नसेल.

मुंबईच्या गिरणगावात याच काळात उलट टोकाचं उदाहरण होतं. जॉबर हा माणसं कामावर घ्यायचा, त्यांच्याकडून काम करून घ्यायचा आणि प्रसंगी घरीही पाठवायचा. त्याने ना कुठली शाळा पाहिली होती, ना कुठला अभ्यासक्रम. १९३१मध्ये भारतातल्या मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली कमिशनने, त्याच्या लाचखोरीवर कोरडे ओढले, भरती आणि बडतर्फी त्याच्या हातून काढून घ्या, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस केली. ती रास्तच होती. तरी राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाचा जो इतिहास लिहिला त्यात जॉबरचं चित्र जरा वेगळं दिसतं. गिरणीत त्याची सत्ता असली तरी ती वस्तीतल्या नात्यांवर उभी होती. गैरहजेरीच्या दिवशी बदली माणसं उभी करायची तर चाळीत पत हवी, उधारीला जामीन राहायला हवं, आणि संपाच्या वेळी माणसं ज्या बाजूला झुकतील त्या बाजूचं भान ठेवायला हवं. माणसं सोडून गेली की जॉबर काहीच नाही. जॉबरला संत ठरवायचं कारण नाही. पण हाताखालच्यांनी पाठ फिरवली तर आपलं काही खरं नाही, ही जाणीव माणसाला ज्या वेगाने शिकवते त्या वेगाने कुठली कार्यशाळा शिकवत नाही.

आता कौशल्य म्हणजे नेमकं काय, याकडे वळू. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५०च्या आसपास नेत्याच्या वागण्याचे दोन पदर वेगळे केले: माणसाची कदर आणि कामाची आखणी. पुढची अनेक वर्षं यातला कोणता महत्त्वाचा यावर वाद घातले गेले. जज, पिकोलो आणि इलिस यांनी २००४मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दोन्ही पदर नेतृत्वाच्या फलिताशी जोडलेले निघाले, कदरीचा धागा जास्त घट्ट, साधारण ०.४८, आणि आखणीचा ०.२९. पण मला त्याहून बोलका वाटतो तो फ्लाइशमन आणि हॅरिस यांचा १९६२चा, ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यातला अभ्यास. फोरमन कामगारांची कदर करणारा असेल तर त्याने कामात कितीही शिस्त लावली तरी लेखी तक्रारी फारशा वाढत नव्हत्या. कदर न करणाऱ्याने शिस्त सैल केली तरी तक्रारी जास्तच. म्हणजे कडकपणा ही अडचण नव्हती. ज्याच्याबद्दल विश्वास आहे त्याचा कडकपणा माणसं सोसतात, किंबहुना कामाची गरज म्हणून मानतात.

यावर आपल्याकडचा ठरलेला आक्षेप असा की ही सगळी अमेरिकेतली गणितं. आपल्या माणसाला धाकच लागतो, जरा मोकळीक दिली की डोक्यावर बसतो. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी हा आक्षेप उडवून न लावता त्याचा अभ्यास केला. १९८०मध्ये त्यांनी मांडलेला नेता घरातल्या वडीलधाऱ्यासारखा: काळजी घेतो, पण ती काम करणाऱ्याची, लाड करत नाही. भारतीय कार्यालयात नातं आधी आणि काम मागून येतं, हे वास्तव त्यांनी मान्य केलं. पण त्यांच्या मांडणीतला पुढचा भाग धाकवादी मंडळी विसरतात. काळजी आणि आखणी यांच्या आधाराने माणूस तयार झाला की नेत्याने हळूहळू मागे सरायचं आणि निर्णयात त्याला सामील करून घ्यायचं, असा तो प्रवास आहे. आयुष्यभर वडीलधारंच राहणाऱ्या साहेबाला सिन्हांचा आधार घेता येत नाही.

धाकाचा मुद्दा कर्ट लेविन यांच्या गटाने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या हस्तकला मंडळांत तपासला होता. हुकूमशाही वळणाच्या प्रौढाखाली मुलं काम भरपूर करत. तो खोलीबाहेर गेला की काम झपाट्याने थंडावे. सगळ्यांना विचारात घेणाऱ्याच्या मंडळात तो नसतानाही हात चालू राहात. दहा वर्षांच्या मुलांवरून कारखान्याच्या पाळीविषयी बोलणं जपूनच करावं लागेल, हे खरं. पण रात्रपाळीला साहेब नसतो तेव्हा काय होतं हा प्रश्न ज्यांच्या रोजच्या कामाचा आहे त्यांना या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही.

सगळ्यात सबळ प्रतिवाद प्रशिक्षणाच्या बाजूनेच येतो. लासेरेन्झा आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये नेतृत्व प्रशिक्षणावरचे तीनशेहून अधिक नमुने एकत्र केले आणि निष्कर्ष काढला की प्रशिक्षणाने फरक पडतो, शिकण्यात पडतो आणि प्रत्यक्ष कामावरही पडतो. मग फ्लाइशमन चूक होते का? त्या आढाव्यात कोणतं प्रशिक्षण चाललं ते पाहिलं की कोडं सुटतं. आधी गरज तपासून आखलेलं, एका दमात न उरकता टप्प्याटप्प्याने दिलेलं, नुसतं व्याख्यान नसून सराव असलेलं, आणि शक्यतो कामाच्या जागीच झालेलं. म्हणजे जितकं कामाला चिकटून, तितकं टिकाऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने चालवलेला ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम याचा उत्तम नमुना. त्यातला माणसांशी वागण्याचा भाग अवघा दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. प्रत्येक सुपरवायझरने आपल्याच खात्यातलं खरं भांडण, खरी अडचण घेऊन यायची. गटात ती मांडायची. आणि खिशात मावेल अशा कार्डावरच्या चार पायऱ्यांनी ती सोडवायची. आधी सगळी हकिकत गोळा करा, मग तोलून ठरवा, कृती करा, आणि नंतर परिणाम तपासा. साडेसतरा लाखांच्या घरात प्रमाणपत्रं दिली गेली. जॉर्चेली आणि बियांकी यांनी अलीकडे त्या कंपन्यांचा जुना हिशोब काढून पाहिला तेव्हा त्यांची कामगिरी पुढची अनेक वर्षं चांगली राहिल्याचं दिसलं. भाषण नाही, प्रेरणादायी चित्रफीत नाही, बर्फात हाल सोसून शिखर गाठणाऱ्या गिर्यारोहकाची गोष्ट नाही. आपल्या खात्यातला तंटा आणि चार पायऱ्या.

विमान उद्योगाने हीच गोष्ट जिवावर बेतल्यावर शिकली. १९७८च्या डिसेंबरात पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान चाकांच्या बिघाडाची खातरजमा करत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून कोसळलं. दहा माणसं गेली. इंधन उतरतंय हे कॉकपिटमध्ये माहीत होतं, बोललंही गेलं. पण कॅप्टनला ठणकावून सांगितलं गेलं नाही. त्यातून १९८१मध्ये त्या कंपनीने कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण सुरू केलं. १९८९मध्ये त्याच कंपनीचं एक विमान हवेत असताना त्याच्या सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही पुढे बोलावून त्याच्या हाती थ्रॉटल दिले, आणि आयोवातल्या सू सिटीला उतरताना विमानाचे तुकडे झाले तरी २९६पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी नंतर श्रेय या प्रशिक्षणाला दिलं. इथे ध्यानात घ्यायचं ते असं की ते फक्त वर्गात झालं नाही. संपूर्ण चमू एकत्र सिम्युलेटरमध्ये बसतो, कॅप्टनही ठरावीक काळाने पुन्हा तपासला जातो, आणि चूक स्वतःहून कळवणाऱ्याची ओळख झाकणारी यंत्रणा अमेरिकेत १९७६पासूनच उभी आहे. या आधाराशिवाय काय होतं ते मंगळुरूला दिसलं. २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात सहवैमानिकाने उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती. कॅप्टनने ती मानली नाही. १५८ माणसं मेली. प्रशिक्षणाचा कागद दोघांकडेही असणार. कनिष्ठाचा शब्द वरिष्ठाचा हात थांबवेल अशी वहिवाट मात्र नव्हती.

ही वहिवाट मोजता येते का, याचं उत्तर एमी एडमंडसन यांच्याकडून मिळालं, आणि तेही अपेक्षेच्या उलट. औषध देण्यातल्या चुका आणि नर्सिंग विभागाचं नेतृत्व यांचा संबंध त्या शोधत होत्या. दोन रुग्णालयांतले आठ विभाग होते. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुका कमी असतील असं कुणीही म्हणेल. आकडे सांगत होते की जास्त आहेत. कारण तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या. जिथे सिस्टर-इन-चार्जची भीती, तिथे वही स्वच्छ. १९९६चा हा निष्कर्ष आपल्या कार्यालयांत आकड्यांवर माणसं तोलणाऱ्या प्रत्येकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. पोलीस ठाण्यात गुन्हे कमी नोंदले, शाळेत गळती शून्य, रुग्णालयात तक्रारी नाहीत, म्हणून वरून कौतुक होतं तेव्हा शाबासकी नेमकी कशाला मिळते हे कुणी विचारत नाही. वरचा अधिकारी आकडा पाहून खूश होत असेल तर खालचा अधिकारी ऐकायला शिकणार नाही. ऐकलं की आकडा बिघडतो.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण काही माणसं जन्मतःच असतात तशी. पूर्ण खोटं नाही. आर्वी आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये मिनेसोटातल्या जुळ्या भावांचा अभ्यास केला तेव्हा नेतृत्वाच्या पदावर पोचण्यातल्या फरकाचा सुमारे ३० टक्के भाग आनुवंशिक असल्याचं दिसलं. उरलेले ७० टक्के कुठून येतात हा प्रश्न अधिक फायद्याचा. आणि पदावर पोचणं ही माणसं सांभाळण्याची खूण आहे, हेही तपासून घ्यावं लागेल. बेन्सन, ली आणि श्यू यांनी अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती पाहिली: सर्वाधिक विक्री करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता जास्त, पण त्याच्या हाताखाली आल्यावर इतरांची विक्री घसरते. आपल्याकडे उत्तम शिक्षकाला मुख्याध्यापक आणि उत्तम सर्जनला अधिष्ठाता करताना हीच चूक होते, फक्त तिचा हिशोब कुणी ठेवत नाही. बंगळुरूच्या एका मोठ्या कपडे कारखान्यात लाइन सुपरवायझरना प्रशिक्षण देण्यापूर्वी मधल्या अधिकाऱ्यांना विचारलं होतं की आधी कुणाला पाठवायचं. प्रयोगात उलगडलं ते असं: ज्यांची जोरात शिफारस झाली त्यांच्या लाइनींची उत्पादकता फारशी वाढली नाही, वाढली ती शिफारस न झालेल्यांची. मधल्या साहेबांना चिंता होती कोण नोकरी सोडून जाईल याची. कोण शिकेल याची नव्हे.

मग साहेबाला त्याच्याविषयीचं मत थेट सांगत राहावं का? आजकाल चौफेर अभिप्राय मागवण्याची पद्धत आहे. वरचे, खालचे, बरोबरीचे सगळे लिहून देतात. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६मध्ये अभिप्रायावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र केले तेव्हा सरासरीने फायदा दिसला, पण तिसऱ्या हिश्शाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. अभिप्राय कामाकडून माणसाच्या स्वाभिमानाकडे वळला की तो बिघडवतो. तेव्हा ‘तुम्ही उद्धट आहात’ या शेऱ्यापेक्षा ‘सोमवारच्या बैठकीत तिघांना बोलता आलं नाही’ ही नोंद कामाची. आणि ती नोंद अप्रेझलच्या वेळी वर्षातून एकदा येण्यापेक्षा मंगळवारी सकाळी आलेली बरी.

रचना बदलून काय साधतं याचा आपल्या जवळचा पुरावा अहमदाबादचा. १९५३मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित मागांच्या खात्यात कामाचे तुकडे इतके पाडलेले होते की विणकर, धागा जोडणारा, तेल घालणारा, सगळे वेगवेगळ्या हिशोबाने काम करत, आणि कुणाचं कुणाशी बांधलेलं नव्हतं. राइस यांनी छोटे गट सुचवले. ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका गटावर. कामगारांनी एका दिवसात आपापले गट पाडले. कार्यक्षमता वाढली, खराब कापड कमी झालं, आणि सुपरवायझरचं ओरडणं आपोआप घटलं, कारण ओरडण्याजोगं काम गटाने स्वतःकडे घेतलं होतं. सोळा-सतरा वर्षांनी एरिक मिलर यांनी पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा गटपद्धत एका खात्यात बरीचशी शाबूत होती, बाकीच्यांत जुनं वळण परतलेलं. बाहेरचा दाब वाढला तेव्हा गटांच्या आणि दाबाच्या मध्ये उभं राहणारं व्यवस्थापन जिथे होतं तिथे ती टिकली.

या युक्तिवादाची खरी परीक्षा मात्र तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत आहे, कारण तिथे साहेबाच्या वर साहेब नसतो, मालक असतो. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८पासून तिथल्या १७ कंपन्यांत व्यवस्थापनाचा प्रयोग केला. दोषांची वही, रोजची बैठक, सुट्या भागांचा साठा, यंत्रांची देखभाल अशा साध्या गोष्टी. पहिल्या वर्षातच उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. कंपनी किती मोठी होईल याचा सगळ्यात चांगला अंदाज कोणत्या गोष्टीवरून येत होता? मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावरून. बाहेरच्या मॅनेजरच्या हाती अधिकार द्यायला मालक तयार नव्हते; चोरी होईल ही भीती. आठ-नऊ वर्षांनी अभ्यासक परतले तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या. कारणं दोन सापडली, मॅनेजर बदलला आणि मालकाला वेळ नव्हता. जिथे मोठा रोजगार अशाच छोट्या-मध्यम कारखान्यांत आहे तिथे नेतृत्वाच्या कार्यशाळेला सुपरवायझरला पाठवून मालकाने ऑफिसात बसणं, हा पैसा वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पाठवायचंच असेल तर आधी मालकाने जावं, आणि तेही हॉटेलच्या सभागृहात नको. स्वतःच्या खात्यात, सकाळच्या पाळीला, दोषांची वही उघडी ठेवून, मॅनेजर बोलत असताना मध्ये न बोलता.